‘डाग गेला का?’ मेंदूदाहानंतरच्या एमआरआयविषयी

विषाणूजन्य मेंदूदाहातून, म्हणजे व्हायरल एन्सेफलायटिसमधून, वाचलेल्या माणसाचा दुसरा किंवा तिसरा एमआरआय झाला की त्याचे नातेवाईक बहुधा एकच प्रश्न विचारतात : पहिल्या फिल्मवर दिसलेला डाग गेला का? एमआरआय वाचणे हे माझे रोजचे काम असल्याने हा प्रश्न माझ्या वाट्याला वारंवार येतो आणि दर वेळी उत्तर देताना मी थोडा रेंगाळतो. डाग गेला म्हणजे माणूस बरा झाला आणि डाग राहिला म्हणजे तो आता असाच राहणार, असे प्रश्न विचारणाऱ्याने मनाशी धरलेले असते आणि त्यातले एकही विधान विश्वासाने करता येत नाही. आजाराच्या पहिल्या आठवड्यात एमआरआयइतकी उपयोगी तपासणी क्वचितच दुसरी असेल. मात्र पुढच्या महिन्यांत माणूस किती आणि कसा सुधारेल हे सांगण्याच्या कामी ती बरीच तोकडी पडते.

आधी पहिल्या आठवड्याविषयी. मेनिंजायटिसमध्ये मेंदूवरच्या आवरणांचा दाह होतो, तर एन्सेफलायटिसमध्ये खुद्द मेंदूच्या ऊतींचा. त्यामुळे ताप आणि डोकेदुखी यांच्या जोडीला असंबद्ध बोलणे, वागण्यात अचानक पडलेला फरक, फिट किंवा गुंगी यांपैकी काहीतरी दिसते. मोठ्या माणसांत साथीशिवाय, एकट्यादुकट्याला होणाऱ्या मेंदूदाहाचे सर्वांत नेहमीचे ज्ञात कारण म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा पहिला प्रकार, ओठांवर तापाचे फोड आणणारा तोच विषाणू. आजार विरळा आहे. वर्षाला दहा लाख लोकांमागे साधारण २ ते ४ जणांना तो होतो. पण उपचार न झाल्यास त्यातले सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात, म्हणून तो ओळखण्यात झालेला उशीर महाग पडतो.

हर्पिसच्या दाहाला मेंदूतल्या ठरावीक जागा आवडतात, आणि एमआरआयचा सारा उपयोग या आवडीनिवडीवर उभा आहे. कानशिलामागच्या टेम्पोरल लोबचा आतला भाग, त्यातला नव्या आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस, शेजारचा इन्सुला, डोळ्यांच्या खोबणीवर टेकलेला फ्रंटल लोबचा तळ आणि मध्यरेषेजवळचा सिंग्युलेट हा भाग, इतक्या ठिकाणी सूज, फिल्मवर पांढरी, दिसते. बऱ्याचदा ती एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असते. इन्सुलापर्यंत पसरलेला पांढरेपणा आतल्या बेसल गँग्लियाच्या कडेशी येऊन थबकतो, आणि ही कड दिसली की मेंदूतील मोठी रक्तवाहिनी बंद पडल्याची शंका बरीचशी मागे पडते, कारण पक्षाघातात नुकसान रक्तवाहिनीच्या हद्दीप्रमाणे होते आणि बेसल गँग्लियाला सहसा अशी सूट मिळत नाही.

सीटी स्कॅन मात्र पहिल्या काही दिवसांत पुष्कळदा साफ असतो. ‘सीटी नॉर्मल आला’ या वाक्याने मिळणारा दिलासा या आजारात फसवा असतो, हे जितक्या स्पष्टपणे सांगता येईल तितके सांगायला हवे. एमआरआयमध्ये सर्वांत आधी बदलते ती डिफ्युजन नावाची प्रतिमा. पेशी फुगल्या की त्यांच्या अवतीभवतीच्या पाण्याला हालचालीसाठी जागा उरत नाही, आणि ही कोंडी डिफ्युजनवर उजळ दिसते. त्यानंतर फ्लेअर या प्रतिमेवर सूज दिसू लागते. तरीही सुरुवातीचा एमआरआय थोड्या रुग्णांमध्ये नॉर्मल येऊ शकतो. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याची पीसीआर तपासणी एरवी अतिशय भरवशाची असली, तरी पहिल्या तीन दिवसांत तीसुद्धा खोटी निगेटिव्ह येऊ शकते. संशय दाट असेल तर काही दिवसांनी पाणी पुन्हा काढून तपासावे लागते.

म्हणून अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध संशय येताच शिरेतून सुरू करायचे असते. फिल्म किंवा पीसीआर हाती येईपर्यंत ते अडवून ठेवायचे नसते. मोठ्या माणसांत नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम, दर आठ तासांनी, १४ ते २१ दिवस असा असतो. मूत्रपिंडांना त्रास होऊ नये म्हणून शरीरात पाणी पुरेसे ठेवावे लागते. हे औषध हाताशी आले तो काळ फार जुना नाही. १९८४ मध्ये स्वीडनमधल्या आणि १९८६ मध्ये अमेरिकेतल्या चाचण्यांनी अ‍ॅसायक्लोव्हिरची तुलना व्हिडाराबिन या जुन्या औषधाशी केली. स्वीडनच्या चाचणीत मृत्यूचे प्रमाण ५० टक्क्यांऐवजी १९ टक्के आले, अमेरिकेच्या चाचणीत ५४ ऐवजी २८. त्या काळी निदान पक्के करायचे तर कवटी उघडून मेंदूचा तुकडा काढावा लागे. पीसीआरने ती वेळ १९९० च्या दशकात टाळली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच पाहणीत, रुग्णालयात दाखल झाल्यानंतर औषध सुरू व्हायला दोन दिवसांपेक्षा जास्त उशीर झालेल्यांची अवस्था नंतर अधिक वाईट राहिल्याचे आढळले. पुढच्या सुधारणेविषयीचा सर्वांत ठोस निर्णय अशा रीतीने बहुधा पहिल्या दोन दिवसांतच होऊन गेलेला असतो.

इतर विषाणूंच्या खुणा वेगळ्या असतात. जपानी मेंदूज्वरात मेंदूच्या गाभ्यातले दोन्ही बाजूंचे थॅलॅमस आणि मध्यमेंदूतला सबस्टॅन्शिया नायग्रा हा भाग सापडतो, म्हणून त्यातून वाचलेल्यांपैकी काही जणांत पार्किन्सनसारखा ताठरपणा, कंप किंवा मान-हात पिळवटून जाणे दिसते. तिथे नेमके लागू पडणारे विषाणुरोधी औषध अजून नाही. १९९८-९९ च्या मलेशियातील साथीत ओळखल्या गेलेल्या निपाह विषाणूने मेंदूच्या पांढऱ्या भागात विखुरलेले लहान लहान ठिपके दाखवले. एन्टरोव्हायरस ७१ मस्तिष्कस्तंभाच्या मागच्या बाजूला जातो, तर कांजिण्यांचा विषाणू रक्तवाहिन्यांनाच धरतो. आणि एक सौम्य प्रकारही आहे, बहुतकरून मुलांत दिसणारा : तापाच्या आजारात दोन्ही मेंदूगोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला अंडाकृती डाग उमटतो, थोड्या दिवसांत किंवा आठवड्यांत तो पूर्ण नाहीसा होतो आणि मूलही पूर्ववत खेळू लागते. डाग जाणे आणि माणूस बरा होणे यांची इतकी सुरेख जुळणी मेंदूदाहाच्या जगात फार ठिकाणी मिळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फ्लेअरवरचा पांढरा रंग प्रत्यक्षात एवढेच सांगतो की त्या जागी ऊतींमध्ये पाणी वाढले आहे. ते का वाढले याला अनेक उत्तरे असू शकतात. दाहामुळे रक्तवाहिन्या पाझरल्या असतील, तर ते पाणी ओसरू शकते आणि पेशी शाबूत राहू शकतात. पेशी स्वतःच फुगून मरणाच्या दारात असतील, तर त्यातल्या थोड्याच परत येतात. लागोपाठ फिट आल्या असतील, तर हिप्पोकॅम्पस आणि थॅलॅमसचा मागचा भाग काही काळ पांढरा दिसतो आणि फिट थांबल्यावर तो पांढरेपणा पुष्कळदा निघून जातो. हे सगळे एकाच रुग्णाच्या एकाच टेम्पोरल लोबमध्ये एकत्र असू शकते, आणि पहिल्या दिवशी फिल्मकडे पाहून त्यातले किती कोणत्या वाट्याचे हे मला सांगता येत नाही. डिफ्युजनवरून थोडा अंदाज बांधता येतो, पण साधारण दुसऱ्या आठवड्यात मेलेल्या ऊतींचे, आधी घटलेले, डिफ्युजनचे आकडे वाढत वाढत नॉर्मल पातळीवरून जातात. नेमक्या त्या सुमारास स्कॅन केला, तर काही घडलेच नाही असे वाटण्याजोगी फसवी स्थिती दिसते.

याच्या उलट अडचणही तितकीच नेहमीची आहे. अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू असते, ताप उतरलेला असतो, माणूस डोळे उघडून नावे घेऊ लागलेला असतो, आणि त्याच आठवड्यातला एमआरआय आधीपेक्षा वाईट दिसतो : सूज पसरलेली, बारीक रक्तस्राव नव्याने दिसणारे, स्कॅनसाठीचे कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन दिल्यावर मेंदूच्या घड्या उजळणाऱ्या. औषध लागू पडत नसल्याची ही खूण असेलच असे नाही. विषाणूने आधीच करून ठेवलेल्या नुकसानीचा हिशेब चित्रात उशिरा उमटत असतो. अशा वेळी नातेवाइकांनी रिपोर्टपेक्षा खाटेवरच्या माणसाकडे पाहावे, असे मी सांगतो. रिपोर्टच्या शेवटी आम्ही लिहितो ते ‘क्लिनिकल कोरिलेशन करावे’, म्हणजे चित्राची रुग्णाच्या लक्षणांशी सांगड घालावी, हे वाक्य स्वतःच्या बचावासाठी असते अशी आमची थट्टा होते, आणि ती पुष्कळ वेळा रास्तही असते. या आजारात मात्र सबंध रिपोर्टमधले सर्वांत कामाचे वाक्य तेच ठरू शकते.

आणि मग काही महिन्यांनी तो डाग खरोखरच जातो. पण तो दोन वाटांनी जाऊ शकतो. एक वाट चांगली : पाणी ओसरते आणि खालची ऊती टिकून राहते. दुसऱ्या वाटेने ऊतीच मरते, शरीर ती उचलून नेते आणि रिकाम्या जागेत मेंदूभोवतीचे पाणी भरते. फ्लेअर ही प्रतिमा अशी बनवलेली असते की मोकळे पाणी तीत काळे दिसावे. त्यामुळे पहिल्या फिल्मवर पांढरा असलेला भाग शेवटच्या फिल्मवर काळा दिसतो, कडेला जखमेच्या व्रणाची पांढरी किनार राहते, शेजारचा टेम्पोरल हॉर्न हा पाण्याचा कप्पा रुंदावतो आणि हिप्पोकॅम्पस बारीक होतो. ‘पांढरा डाग गेला’ हे शब्दशः खरे असते, आणि तरीही तीच सर्वांत वाईट बातमी असते. म्हणून त्या प्रश्नाला मी हो किंवा नाही असे उत्तर देत नाही. तिथे काय उरले आहे ते दाखवतो.

उरलेल्याचा आणि माणसाचा संबंध कसा असतो याचे जगजाहीर उदाहरण म्हणजे क्लाइव्ह वेअरिंग हे ब्रिटिश संगीतज्ञ. मार्च १९८५ मध्ये त्यांना हर्पिसचा मेंदूदाह झाला आणि दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस मोठ्या प्रमाणात निकामी झाले. त्यानंतर नवी गोष्ट त्यांच्या मनात काही सेकंदांपलीकडे टिकेना. आपण नुकतेच शुद्धीवर आलो आहोत असे ते वहीत पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. पण पियानो वाजवणे, समोर स्वरलिपी असली की ती वाचत जाणे आणि गायकवृंदाचे संचालन करणे त्यांना येतच राहिले, आणि पत्नीविषयीची ओढही टिकली. त्यांच्या मेंदूची प्रतिमा पाहून स्मृती जाणार हे कोणीही सांगितले असते. संगीताचे काय होईल आणि नाते कसे टिकेल हे त्या प्रतिमेत वाचता आले नसते.

१९८४ मध्ये एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि टिम शॅलिस यांनी हर्पिसच्या मेंदूदाहातून सावरणाऱ्या चार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांना हातातल्या निर्जीव वस्तू ओळखता येत आणि त्यांचे वर्णनही करता येई, पण प्राणी, वनस्पती आणि खाद्यपदार्थ यांच्याबाबतीत त्यांचे ज्ञान ढासळले होते. टेम्पोरल लोबच्या पुढच्या भागातील नुकसान इतके चमत्कारिक आणि निवडक असू शकते. घरच्यांना ते सुरुवातीला कळत नाही, कारण रोजच्या बोलण्यात माणूस ‘ते’, ‘तसले’, ‘ते आपले’ अशा शब्दांनी वेळ मारून नेतो. भाषेची आणि स्मृतीची रीतसर चाचणी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून करून घेतली की असे खड्डे सापडतात, आणि बरे होण्याचा आलेख काढायचा तर मला एमआरआयच्या मालिकेपेक्षा अशा चाचण्यांची मालिका अधिक मोलाची वाटते.

प्रत्यक्ष सुधारणेचा वेग समान नसतो. चालणे, जेवणे, बोलणे यांत पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने फरक पडतो, आणि बाहेरच्यांना वाटते की माणूस तर अगदी ठीक दिसतो. त्यानंतरचे काम सावकाश, कधी वर्षानुवर्षे चालते, आणि ज्या तक्रारी उरतात त्या फिल्मवर दिसत नाहीत : थोड्या कामानंतर येणारा अतोनात थकवा, गोंगाट सहन न होणे, क्षुल्लक कारणावरून उसळणारा राग, वास न येणे, सकाळी ठरलेले दुपारी न आठवणे. पुष्कळांना आपल्या स्मृतीत खोट आहे याची जाणीवच नसते, कारण विसरल्याचेही विसरायला होते. त्यांना ‘प्रयत्न करून आठव’ असे म्हणणे निरुपयोगी तर असतेच, शिवाय घातकही ठरू शकते. अ‍ॅलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की स्मृती गंभीरपणे गेलेल्या माणसाला अंदाज करायला लावले, तर चुकलेला अंदाजच पक्का होत जातो, कारण तो चुकला होता हे त्याच्या लक्षात राहत नाही. त्याला सुरुवातीपासून बरोबर उत्तर देत शिकवले, तर तो अधिक शिकतो. घरी याचा अर्थ असा की औषधाची वेळ ओळखायला लावू नये, सांगावी. कपाटावर आतल्या वस्तूंची नावे चिकटवावीत. मोबाइलचा गजर आणि एकच ठरलेली वही यांची सवय लावावी, कारण सवयी घडवणारी मेंदूची यंत्रणा हिप्पोकॅम्पसवर फारशी अवलंबून नसते आणि ती बहुधा शाबूत असते.

सुधारणा चालू असताना मध्येच घसरण झाली, तर तिला ‘आजाराचाच भाग’ म्हणून सोडून देऊ नये. हर्पिसचा दाह आटोक्यात आल्यावर साधारण पहिल्या तीन महिन्यांत काही रुग्णांची प्रकृती पुन्हा बिघडते. लहान मुलांत हातापायांच्या अनियंत्रित हालचाली सुरू होतात, मोठ्यांत भ्रम, संशय किंवा वागण्यातला तीव्र बदल दिसतो. पूर्वी याला विषाणूची दुसरी फेरी समजत असत. २०१२ पासून स्पष्ट होत गेले की यांतल्या अनेकांत विषाणू परत आलेला नसतो. मेंदूच्या एनएमडीए रिसेप्टरसारख्या प्रथिनांविरुद्ध शरीरानेच प्रतिपिंडे तयार केलेली असतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील अभ्यासात, हर्पिसच्या मेंदूदाहानंतर नजरेखाली ठेवलेल्या ५१ रुग्णांपैकी १४ जणांना असा स्वप्रतिरक्षित मेंदूदाह झाला. त्याचे उपचार वेगळे असतात, स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा त्यांच्या पुढची औषधे. जुन्या व्रणामुळे एमआरआय आधीच बिघडलेला असतो, त्यामुळे नवा बदल त्यात लपून जाऊ शकतो. कण्यातले पाणी पुन्हा काढून विषाणूचे पीसीआर आणि प्रतिपिंडे दोन्ही तपासण्याला इथे पर्याय नाही.

शिरेतून दिलेल्या उपचारानंतर विषाणुरोधी गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवल्या तर स्मृती अधिक सुधारेल, ही आशाही तपासून झाली आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९० दिवस व्हॅलासायक्लोव्हिर देऊन बुद्धी-स्मृतीच्या चाचण्यांत फायदा दिसला नाही.

फिटचा धोका मात्र दीर्घकाळ राहतो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील लोकांवर केलेल्या १९८८ च्या अभ्यासात, विषाणूजन्य मेंदूदाहाच्या वेळी ज्यांना फिट आल्या होत्या त्यांच्यापैकी २२ टक्क्यांना पुढच्या २० वर्षांत विनाकारण फिट येण्याचा संभव दिसला, तर त्या वेळी फिट न आलेल्यांत तो १० टक्के होता. क्षणभर शून्यात पाहणे, ओठ चाटत राहणे, पोटातून काहीतरी वर येतेय असे वाटणे, ही टेम्पोरल लोबमधल्या फिटची रूपे आहेत. घरचे त्यांना विसराळूपणा समजतात. मोबाइलवर घेतलेला अशा प्रसंगाचा लहानसा व्हिडिओ आणि ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींची नोंद, यांतून जे कळते ते आणखी एका एमआरआयमधून क्वचितच कळते.

मग एमआरआय पुन्हा करायचा तरी केव्हा? नवी घसरण झाली तर, फिटचे स्वरूप बदलले किंवा त्या औषधांना दाद देईनाशा झाल्या तर, आणि मुळातल्या निदानाविषयीच शंका आली तर तो जरूर करावा. याखेरीज सूज पूर्ण ओसरल्यावर, साधारण तीन ते सहा महिन्यांनी, पुढच्या तुलनेसाठी एकदा करून ठेवावा, असे माझे मत आहे. केवळ धीर मिळावा म्हणून दर दोन महिन्यांनी केलेल्या स्कॅनमधून धीर मिळालेला मी फारसा पाहिलेला नाही. जेव्हा करायचा त्या वेळी आधीच्या सगळ्या स्कॅनच्या सीडी बरोबर आणाव्यात, केवळ छापील रिपोर्ट पुरत नाहीत, कारण काळी झालेली जागा आधी किती पांढरी होती हे मूळ प्रतिमा शेजारी ठेवल्याशिवाय मोजता येत नाही. आणि स्कॅनच्या मागणीपत्रावर ‘मेंदूदाहानंतर तपासणी’ एवढेच न लिहिता काय बदलले आहे आणि कधीपासून, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दोन ओळींत लिहून घ्यावे.